सहीची जागा

पाताडे मिक्सर उलटा करतात, अंगठ्यानं तळ चाचपतात.
"मोटर मीच बदललेली, दोन हजार नऊला.
भांडी तुम्ही नवी घेतलीत, पाती तीनदा,
आता कपलर गेलाय.
वहिनी, सासूबाईंचं यात काय उरलं?"
"आवाज," मी म्हणते.
"आवाज मोटरचा असतो."

मग त्यांचा ठरलेला प्रश्न,
जो ते पंख्यालाही विचारतात, इस्त्रीलाही:
"हा तुमच्याकडे नसताच,
आणि आज असाच, या अवस्थेत, माझ्या फळीवर दिसला असता
तर घेतला असता?"

नसता, मी म्हणते.
आणि एकशे चाळीस रुपये मोजून
कपलर बसवून घेते.

टिळकनगरच्या बाजारातून घरी येते
पिशवीत मिक्सर घेऊन. प्रश्नही आलाय बरोबर.
फ्रिजवर चुंबकाखाली संमतीपत्र.
शुक्रवारपर्यंत.
अठ्ठावीस बिऱ्हाडं, सव्वीस सह्या.

बिल्डरचा माणूस जानेवारीत चारशे पाच फूट म्हणाला,
मग चारशे पंधरा, मग पंचवीस.
कितव्या फुटाला अपुऱ्याचं पुरेसं होतं?
एका फुटानं तर काहीच होत नाही.
ढिगातलं एक शीत उचललं तरी भात भातच राहतो,
आणि तरी रोज रात्री पातेलं
रिकामं होतंच.

नाव तेच राहणार, रेवती. पत्ता तोच.
पोस्टमनला फरक कळणार नाही.
विटा सगळ्या नव्या, आणि आत आम्ही,
मोटर बदललेले.

पाताड्यांचा प्रश्न लावून पाहिला.
ही खोली माझी नसती तर आज घेतली असती?
मोरीचा गळका कोपरा, सज्जाच्या उघड्या सळया,
चार मजले, लिफ्ट नाही. छे!
मग चटकच लागली.
ही नोकरी? नसती घेतली.
हे गुडघे?
हा नवरा, पेपर वाचता वाचता नाकातले केस उपटणारा?
"काय बघतेस?" तो म्हणाला.
काही नाही, म्हटलं.
पातं चटणीसाठी असतं,
त्यानं वेणी घालायची नसते.

दुसरी युक्ती माझी स्वतःची.
सोमवारी, सही केलीय असं धरून जगले.
मंगळवारी, केली नाही असं धरून.

सोमवारी भिंतीत एक खिळा दिसला,
ज्यावर कधी काही टांगलेलं आठवत नाही.
तो उपटून न्यावासा वाटला.

मंगळवारी मोकळं वाटायला हवं होतं.
जिन्यात सिलिंडरवाला दम खात बसला होता,
त्याला वळसा घालून वर आले.
तिसऱ्या मजल्यावर चेंदवणकरांचं दार उघडं,
कुंदाताई उंबऱ्यात खुर्ची टाकून
जिना बघत होत्या, लोक टीव्ही बघतात तसा.
"दिवाळीपासून उतरले नाही गं. खाली नवं काय?"
कलिंगडं आलीत, मी म्हटलं.
"अगं बाई, आली?"

आधी चिठ्ठ्या टाकल्या असत्या,
कोण कितव्या मजल्यावर, कुणाचे गुडघे कसे
हे नंतर उघडून कळणार असतं,
तर मी लिफ्टच मागितली असती. खिळ्याचं नावही काढलं नसतं.
पण माझी चिठ्ठी उघडलेली आहे.
आणि कुंदाताईंचीही.
तीन वर्षं भाड्याच्या घरात काढून
नव्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायला त्या असतील का,
याला संमतीपत्रात रकाना नाही.

यादी पुन्हा पाहिली.
पहिली सही त्यांचीच,
थरथरत रेघेबाहेर गेलेली.

गुरुवारी रात्री चटणी वाटली.
आवाज तोच. मोटरचा असो.
पेन शोधलं, ते उमटेना,
म्हणून दूधवाल्याच्या बिलामागे
गोल गोल गिरवत राहिले,
उमटू लागल्यावरही
थोडा वेळ.